टेबलावर चालतो, पॅनेलमध्ये मुका: कोल्ड स्टोरेजच्या बीगलबोनवर नवं डेबियन चढवताना

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये चार थंड खोल्या आहेत, दोन प्रीकूलिंगच्या आणि दोन साठवणीच्या. बागेतून आलेल्या मण्यांच्या गराचं तापमान काही तासांत ४ अंशांच्या खाली आणायचं आणि मग माल ० ते १ अंशावर ठेवायचा, हा तिथला नेम. निर्यातीच्या मालाला तापमानाची सलग नोंद लागते. ती नोंद करणारा पॅनेल खोल्यांच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. त्यात एक बीगलबोन ब्लॅक (रेव्ह सी) हा एकाच बोर्डावरचा छोटा संगणक, प्रत्येक खोलीत एक डीएस१८बी२० सेन्सर, आणि तापमान चढलं की भोंगा वाजवणारी रिले. पॅनेल बाहेर आहे ते बरंच आहे. द्राक्षाच्या पेटीतल्या ग्रेपगार्ड पॅडमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि ओलाव्यासोबत तो तांब्याचे संपर्क खातो. बोर्डावरच्या मेमरी कार्डाचा सॉकेट त्यात फार टिकत नाही.

सप्टेंबरात, म्हणजे गोडी बहाराच्या छाटणीच्या आधी, खोल्या रिकाम्या असताना नोंदी थांबल्या. बोर्ड चालू, दिवे चालू, पण फाइलमध्ये नवी ओळ पडत नव्हती. मायक्रोएसडी कार्ड झिजलं होतं. लिहिताना चुका आल्या म्हणून कर्नेलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती ठेवली होती. कार्डावर डेबियन ७ ही लिनक्स सिस्टिम होती, कर्नेल ३.८. त्या डेबियनची दीर्घ मुदतीची देखभालसुद्धा २०१८मध्येच संपली आहे. त्यामुळे नुसतं कार्ड बदलून जुनंच चढवण्यापेक्षा डेबियन १२ घालायचं ठरलं. काम अर्ध्या दिवसाचं वाटत होतं. ते लांबलं, कारण बोर्ड टेबलावर एक वागत होता आणि पॅनेलमध्ये दुसरंच. दोन्ही वागण्यांचं मूळ मात्र एकच होतं.

हाताशी काय हवं

५ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर, ५.५ बाय २.१ मिलिमीटरच्या गोल पिनचा, मध्यभागी धन. यूएसबी केबलवर काम करू नये. तिथे बोर्ड स्वतःच करंट ५०० मिलिअँपिअरवर रोखतो आणि ईएमएमसीवर, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या कायमच्या मेमरीवर, लिहिताना तेवढा पुरत नाही. एक चांगलं ८ किंवा १६ जीबीचं कार्ड. आणि ज्याच्याशिवाय या कामाला हातच लावू नये अशी वस्तू म्हणजे ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल. ५ व्होल्टची केबल लावली तर पिन जळू शकते, या बोर्डाच्या कुठल्याही डिजिटल पिनला ५ व्होल्ट सोसत नाहीत. सिरियलचा हेडर जे१ हा सहा पिनांचा. पिन १ ग्राउंड, ४ वर बोर्ड ऐकतो, ५ वर बोलतो. वेग ११५२००. बोर्ड बंद असताना केबल जोडून ठेवायची नाही. बंद प्रोसेसरला पिनमधून वीज पोचणंही घातक आहे. आधी बोर्डाला वीज, लगेच केबल.

बहुतेक जण ही केबल शेवटी शोधतात, सगळं फसल्यावर. पण एचडीएमआयवर चित्र येईपर्यंत बूटचा निम्मा प्रवास झालेला असतो. अडतं ते त्याच्या आधी, आणि तिथलं बोलणं फक्त सिरियलवर ऐकू येतं.

कार्ड लिहिणं

बीगलबोर्डच्या संकेतस्थळावरून एएम३३५एक्ससाठीची (हा या बोर्डाचा प्रोसेसर) डेबियन १२ची आयओटी इमेज, म्हणजे कार्डावर जशीच्या तशी उतरवायची तयार प्रत, घेतली. नावात ‘४जीबी’ असलेली, कारण रेव्ह सीवरची ईएमएमसी ४ जीबीची आहे आणि डेस्कटॉप असलेली मोठी इमेज तिच्यावर नीट मावत नाही. उतरवल्यावर शा२५६ची बेरीज जुळवून पाहिली.

लिहिताना खरी जोखीम एकच, चुकीच्या डिस्कवर लिहिणं. म्हणून कार्ड घालण्याआधी ‘एलएसबीएलके’ ही डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा चालवा, घातल्यावर पुन्हा चालवा, आणि जे नाव नव्याने दिसेल तेच घ्या. शिवाय आकार बघा. मग ‘एक्सझेडकॅट’ने इमेज उलगडून सरळ ‘डीडी’ या डिस्कवर लिहिणाऱ्या आज्ञेकडे द्यायची. ठोकळा ४ एमबीचा आणि शेवटी ‘एफसिंक’, म्हणजे सगळं खरोखर कार्डावर उतरल्याशिवाय आज्ञा परत येत नाही. लक्ष्य पूर्ण कार्ड असावं, त्यावरचा पहिला विभाग नव्हे. विभागावर लिहिलं तर बूटलोडर, म्हणजे सिस्टिम उठवणारा प्रोग्राम, त्याच्या जागी पडत नाही आणि कार्ड दिसायला भरलेलं असूनही बोर्डाच्या दृष्टीने कोरं राहतं.

त्यानंतर कार्ड काढून पुन्हा घातलं आणि इमेजशी ताडून पाहिलं. काढून घालणं गरजेचं, नाहीतर संगणक स्वतःच्या मेमरीतलंच वाचून ‘जुळलं’ म्हणतो. कार्डाच्या खरेपणाची शंका असेल तर इमेज लिहिण्याआधी ‘एफ३’ हा क्षमता तपासणारा प्रोग्राम चालवावा. छापलेली क्षमता एक आणि आतली दुसरी, अशी कार्डं बाजारात सर्रास मिळतात. ती लिहिताना तक्रार करत नाहीत, वाचताना दगा देतात.

नव्या इमेजमध्ये कार्डाच्या पहिल्या, फॅट विभागात ‘सिसकॉन्फ’ नावाची मजकूर फाइल असते. वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड आणि यंत्राचं नाव तिथेच भरून ठेवलं. पॅनेलमधल्या यंत्रावर कारखान्यातला पासवर्ड ठेवायचाच नसतो.

टेबलावर: कार्ड नवं, उठतं जुनंच

बोर्ड पॅनेलमधून सोडवून टेबलावर आणला, कार्ड घातलं, वीज दिली. हृदयाच्या ठोक्यासारखा लुकलुकणारा निळा दिवा लागला, लॉगिनही आलं. पण ‘यूनेम’ म्हणालं कर्नेल ३.८. कार्ड काढून पाहिलं तरी तेच. म्हणजे जे उठलं ते कार्डावरचं नव्हतंच. बोर्ड विकत घेतला तेव्हा ईएमएमसीवर आलेलं डेबियन ७ इतकी वर्षं तिथे तसंच पडून होतं, ते उठलं.

इथे प्रोसेसरच्या पोटातला कायमचा प्रोग्राम, म्हणजे बूट रॉम, काय करतो ते कळायला हवं. वीज आल्याबरोबर तो ठरलेल्या क्रमाने एमएलओ नावाचा छोटा प्रोग्राम शोधतो. क्रम असा: ईएमएमसी, मग एसडी कार्ड, मग सिरियल, मग यूएसबी. एमएलओ छोटा असतो कारण त्या क्षणी ५१२ एमबीची डीडीआर अजून जागी नसते. प्रोसेसरच्या आतल्या इवल्याशा मेमरीत तो बसायला हवा, त्याची कमाल मर्यादा १०९ केबी. एमएलओ डीडीआर जागी करतो, यू-बूट आणतो, यू-बूट कर्नेल आणतं. इमेजमध्ये एमएलओ कार्डाच्या सुरुवातीपासून १२८ केबीवर आणि यू-बूट ३८४ केबीवर लिहिलेलं असतं, विभागांच्या बाहेर.

ईएमएमसीवर एमएलओ होताच, तोही २०१४ सालचा. रॉमने तो उचलला आणि सूत्रं जुन्या यू-बूटकडे गेली. ते यू-बूट कार्ड बघतं जरूर, पण त्याच्या काळातल्या मांडणीप्रमाणे बघतं. त्याला हव्या त्या फाइल हव्या त्या जागी नव्या कार्डावर नसतात, म्हणून ते परत ईएमएमसीकडे वळतं. सिरियलवर यू-बूटच्या पहिल्याच ओळीत त्याच्या बांधणीचं साल छापलेलं होतं, तिथेच निदान झालं.

उपाय ठाऊक असलेलाच: कार्डाच्या बाजूचं एस२ बटण दाबून धरून वीज द्यायची. मग क्रम बदलतो, एसपीआय, एसडी कार्ड, यूएसबी, सिरियल असा होतो. पण एक बारकी गोष्ट इथे अनेकांना अडवते. एस२ दाबून रीसेट बटण दाबलं तर काहीच होत नाही. रॉम ज्या पिनांवरून क्रम ठरवतो त्या पिना फक्त वीज येण्याच्या क्षणी वाचल्या जातात, रीसेटला जुनाच निकाल चालू राहतो. गोल पिन काढून, बटण दाबून, पुन्हा घालावी लागते. तसं केल्यावर कार्डावरचं डेबियन १२ पहिल्या फटक्यात उठलं.

(कार्डावर विभाग स्वतः पाडून फाइल सिस्टिम बनवणाऱ्यांसाठी: जुन्या यू-बूटशी गाठ असेल तर ईएक्सटी४ बनवताना ६४-बिट आणि मेटाडेटा-चेकसम या दोन सोयी बंद ठेवा. त्या असलेली फाइल सिस्टिम जुन्या यू-बूटला झेपत नाही.)

पॅनेलमध्ये: आधी फारच सुरळीत, मग पूर्ण मुका

बोर्ड पॅनेलमध्ये लावला आणि नवं कार्ड आपोआप उठलं. एस२ दाबायची गरजच पडली नाही. टेबलावर दर वेळी बटण लागत होतं, इथे नाही. याचा आनंद मानून पुढे जायचं नसतं. त्याच बोर्डाने त्याच कार्डासोबत जागा बदलल्यावर वेगळं वागावं, याला कारण असतंच. ते तेव्हा शोधलं असतं तर पुढचा घोळ टळला असता.

ठरल्याप्रमाणे सिस्टिम ईएमएमसीवर हलवायची होती, म्हणजे कार्ड आणि सॉकेट दोन्हींची चिंता संपते. बोर्ड पुन्हा टेबलावर. कार्डावरच्या ‘बूट’ फोल्डरमधल्या ‘यूएन्व्ह’ फाइलच्या तळाशी फ्लॅशर सुरू करणारी ‘सीएमडीलाइन’ची ओळ असते, तिच्यासमोरचं हॅश चिन्ह काढलं. एस२ धरून वीज दिली. चारही निळे दिवे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावू लागले, म्हणजे लिहिणं चालू. या वेळात वीज जाता कामा नये, म्हणून अडॅप्टर यूपीएसवर. दिवे थांबून बोर्ड बंद झाला की कार्ड लगेच बाहेर काढायचं. आत राहिलं तर पुढच्या बूटला तो पुन्हा सगळं लिहायला घेईल. कुठली मेमरी कुठली याचा गोंधळ झाला तर ‘एलएसबीएलके’मध्ये ज्या नावाखाली ‘बूट०’ आणि ‘बूट१’ असे दोन उपविभाग दिसतात ती ईएमएमसी. कार्डाला ते नसतात.

कार्डाविना टेबलावर बोर्ड डेबियन १२मध्ये उठला. पॅनेलमध्ये लावल्यावर मात्र फक्त पॉवरचा दिवा. चार निळ्यांपैकी एकही नाही. सोडवून टेबलावर आणला की चालू, परत पॅनेलमध्ये की मुका.

अशा वेळी संशय आधी विजेवर जातो, आणि कोल्ड स्टोरेजमध्ये तो रास्त असतो. कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज बसतं, लाइट गेल्यावर जनसेट येईपर्यंत खंड पडतो. पण पॅनेलमधला पुरवठा ५.१ व्होल्ट होता आणि कॉम्प्रेसर बंद असतानाही बोर्ड मुकाच होता. सिरियल केबल लावली. पडद्यावर एकामागून एक इंग्रजी ‘सी’ अक्षरं उमटत होती, बाकी काही नाही.

ही अक्षरं म्हणजे रॉम स्वतः बोलतोय. ‘मला कुठेच एमएलओ मिळाला नाही, सिरियलवरून पाठवता का’ असा त्याचा अर्थ. ईएमएमसीवर धडधडीत एमएलओ असताना तो मिळाला नाही, याचा अर्थ रॉम ईएमएमसीकडे बघतच नव्हता. आणि ईएमएमसी ज्या क्रमात मुळीच नाही तो क्रम एकच, एस२ दाबल्यावरचा. पॅनेलमध्ये कोणीतरी कायम एस२ दाबून धरल्यासारखी स्थिती होती.

एस२ बटण करतं काय, तर सिसबूट२ नावाची रेषा ग्राउंडकडे ओढतं. हीच रेषा बोर्डाच्या पी८ हेडरवर पिन ४३ म्हणून बाहेर येते. पॅनेलच्या वायरिंगमध्ये भोंग्याच्या रिलेचा सिग्नल नेमका पी८ च्या ४३ वर होता. रिले बोर्डवर यूएलएन२००३ चिप होती. तिच्या प्रत्येक इनपुटच्या आत ग्राउंडपर्यंत २.७, ७.२ आणि ३ किलोओहमचे रोध एकामागे एक असतात, बेरीज १२.९. बोर्डावर ती रेषा ३.३ व्होल्टकडे ओढणारा रोध १०० किलोओहमचा. तेव्हा पिनवर उरणार ३.३ गुणिले १२.९ भागिले ११२.९, म्हणजे जेमतेम ०.३८ व्होल्ट. प्रोसेसर ०.८ व्होल्टच्या खालचं सगळं शून्य धरतो. मल्टिमीटरने मोजलं तर ०.४ व्होल्टच्या आसपास आलं. रिलेची वायर उपसली की तीच पिन ३.३ वर. रिलेचा १२ व्होल्टचा पुरवठा बंद ठेवूनही फरक पडत नव्हता, कारण ओढणारे रोध ग्राउंडला जोडलेलेच असतात.

सगळी कोडी इथे सुटली. जुनी सिस्टिम इतकी वर्षं कार्डावरून चालली ती कोणी तसं ठरवलं म्हणून नव्हे, रिलेच्या वायरमुळे. पॅनेलमध्ये नवं कार्ड बटणाविना उठलं तेही त्याच वायरमुळे. आणि कार्ड काढल्यावर रॉमला बघायला काहीच उरलं नाही.

पी८ वरच्या ३१ ते ४६ या सोळा पिना बूटच्या क्षणी प्रोसेसरचं भवितव्य ठरवतात. त्यांना बाहेरचं काहीही जोडताना वीज येण्याच्या क्षणी ते वर ओढतंय की खाली, हे तपासलंच पाहिजे. पॅनेल बनवणारे, अंबड-सातपूरचे असोत की आणखी कुठले, पिन मोकळी दिसली की वापरतात. त्यांची चूक म्हणता येत नाही, बोर्डावर पिनेच्या शेजारी तशी सूचना छापलेली नसते. म्हणून वायरिंगच्या नकाशावरच या सोळा पिनांवर लाल फुली मारून द्यावी.

रिलेचा सिग्नल पी९ च्या २३ वर हलवला, जीपीआयओ क्रमांक ४९. प्रोग्राममध्ये तेवढा आकडा बदलला. वायर जोडलेली ठेवून वीज दिली, सिरियलवर यू-बूटची नवी ओळ आली, पाठोपाठ डेबियन.

सेन्सर आणि घड्याळ

हे सेन्सर वन-वायर पद्धतीने, एकाच डेटा वायरवरून बोलतात. डेबियन ७मध्ये त्या वन-वायरची पिन जागी करायला केप मॅनेजर होता, ‘स्लॉट्स’ फाइलमध्ये नाव लिहिलं की काम झालं. नव्या कर्नेलमध्ये तो नाही. आता ओव्हरले, म्हणजे कुठली पिन कशासाठी ते सांगणारी छोटी फाइल, यू-बूटच चढवतं आणि त्याची नोंद ‘यूएन्व्ह’मध्ये करायची असते. पी९ च्या १२ नंबर पिनसाठीचा वन-वायरचा तयार ओव्हरले इमेजमध्येच मिळाला. चारही सेन्सरांची डेटा वायर त्याच पिनवर, ३.३ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा एक रोध. बदल केल्यावर रीबूट लागतो. वाचनात अचानक ८५ अंश दिसले तर खोली तापलेली नाही. डीएस१८बी२० ला वीज मिळून पहिलं मोजमाप होण्याआधी वाचलं की तो हाच आकडा देतो. १२ बिटांच्या मोजमापाला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात. प्रोग्रामने ८५ आला की पुन्हा वाचावं, भोंगा वाजवू नये.

बीगलबोन ब्लॅकवर बॅटरीचं घड्याळ नाही. पॅकहाऊसला इंटरनेट कधी असतं कधी नसतं, आणि वीज जाऊन आल्यावर बोर्ड मागच्या वेळेपासून पुढे मोजायला लागतो. तापमानाच्या नोंदीत हे चालत नाही. वेळ चुकली की नोंदच निरर्थक. डीएस३२३१ या घड्याळाचं मॉड्यूल पी९ च्या १९ आणि २० वर लावलं, पत्ता हेक्समध्ये ६८. त्याला ३.३ व्होल्टच द्यावेत. ५ दिले तर आयटूसीच्या, म्हणजे घड्याळ ज्यांवरून बोर्डाशी बोलतं त्या, रेषा ५ कडे ओढल्या जातात. शिवाय बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच मॉड्यूलवर चार्जिंगचा रोध असतो, तो ५ व्होल्टवर साध्या सीआर२०३२ सेलला चार्ज करत बसतो. तो सेल चार्ज होण्यासाठी नसतोच.

ईएमएमसी झिजू नये म्हणून

जुनं कार्ड मेलं ते का, हे सोडून पुढे गेलो तर ईएमएमसीही त्याच वाटेने जाईल, आणि ती बोर्डाला सोल्डर केलेली आहे, बदलता येत नाही. दर १० सेकंदांनी एक ओळ म्हणजे दिवसाला ८६४० वेळा लिहिणं, एका खोलीचं. ओळ साठ-सत्तर बाइटची असली तरी फ्लॅश मेमरी एवढ्याशा तुकड्याने पुसता येत नाही, आत मोठा ठोकळाच हलवावा लागतो. म्हणून नोंदी आधी टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे रॅममध्ये, जमा होतात आणि दर ५ मिनिटांनी एकदम उतरतात. माउंटला ‘नोएटाइम’, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ लिहायची नाही, सिस्टिम जर्नलही रॅममध्ये. बदल्यात वीज गेली तर जास्तीत जास्त ५ मिनिटांची नोंद जाते. प्रीकूलिंगच्या खोलीसाठीही हे चालण्यासारखं आहे. तरी पॅनेलच्या ५ व्होल्टला छोटा डीसी यूपीएस लावला, त्याने जनसेट येईपर्यंतचा खंड भरून निघतो.

ताब्यात देण्याआधी

चाचणी पॅनेलमध्येच घ्यावी, सगळ्या वायरी जोडून आणि कार्डाविना. मेन स्विच आणि डीसी यूपीएस दोन्ही बंद करून पूर्ण थंड सुरुवात, दर वेळी सिरियलवर यू-बूटचं साल पाहून. रीबूटवर समाधान मानू नये, त्यात सिसबूटच्या पिना पुन्हा वाचल्याच जात नाहीत. बोर्ड उठताना रिले टक् करते का तेही ऐकावं. सेन्सर एकेक करून बर्फाच्या कालवलेल्या पाण्यात धरावा. डीएस१८बी२० ची हमी अधिक-उणे अर्ध्या अंशाची आहे आणि शून्याच्या जवळच्या साठवणीत तो अर्धा अंश मोठा असतो. प्रत्येकाची तफावत लिहून प्रोग्राममध्ये वजा केली.

फ्लॅशरची ओळ पुन्हा हॅश लावून बंद केलेलं, नोंदणीचा प्रोग्राम घातलेलं आणि ताडून पाहिलेलं एक कार्ड पॅनेलच्या दाराच्या आतल्या खिशात ठेवलं आहे. सोबत एक चिठ्ठी: ‘बोर्ड उठला नाही तर मेन स्विच आणि डीसी यूपीएस बंद करा, हे कार्ड घाला, कार्डाजवळचं बटण दाबून धरून दोन्ही चालू करा, निळे दिवे लागले की सोडा.’ फेब्रुवारीत खोल्या भरलेल्या असताना रात्रपाळीच्या माणसाला हे एकट्याने जमेल. ईएमएमसीची दुरुस्ती मग सवडीने करता येते.